संगणक कक्षातली शनिवारची दुपार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)



शाळेतल्या संगणक कक्षाबद्दल आपण ऐकतो ते बहुधा त्याच्या उद्‌घाटनाच्या दिवशी. फीत कापली जाते, पाहुण्यांच्या हस्ते एका संगणकाचे बटण दाबले जाते, छायाचित्र निघते. पुढे ते वीस-पंचवीस संगणक चालते कोण ठेवतो, याची चर्चा कुठे होत नाही. आज मी त्यातल्या एकाच कामाबद्दल बोलणार आहे. कक्षातल्या सगळ्या संगणकांवर नवी, सारखी व्यवस्था एकदम बसवायची, आणि तीही शाळा चालू असताना, कोणाचा तास न बुडवता, कोणाचे काम न पुसता. विषय ऐकायला रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. पण त्यात अडकलेली गोष्ट रुक्ष नाही.

आपल्याकडे या कामाला एक खास शब्द रूढ आहे. ‘विंडोज मारणे’. दुरुस्तीवाला पेन ड्राइव्ह घेऊन येतो, संगणकावर विंडोज मारतो, मग त्यावर एकेक गोष्ट चढवत जातो. छपाईयंत्राचा ड्रायव्हर, ऑफिस, मराठी टंकलेखन, मुलांसाठी स्क्रॅच, गणितासाठी जिओजेब्रा, विषाणूरोधक. एका यंत्राला दोन-अडीच तास सहज जातात. एकाच वेळी चार-पाच यंत्रे हाताळली तरी पंचवीस संगणकांना दोन-तीन दिवस लागतात. तेवढे दिवस कक्षाला कुलूप.

आता या कुलपाचा हिशेब करून पाहा. साठ मुलांचा वर्ग, वीस चालू संगणक, म्हणजे एका यंत्रापुढे तीन मुले. आठवड्याला पस्तीस मिनिटांचा एक तास. चपला काढणे, हजेरी, यंत्र सुरू होणे यात दहा मिनिटे गेली, तर प्रत्येक मुलाच्या हाती माऊस येतो आठेक मिनिटे. ज्याच्या घरी संगणक नाही, आणि अशी मुले अजून पुष्कळ आहेत, त्याचा त्या आठवड्यातला संगणक म्हणजे एवढाच. तो तास ‘आज कक्ष बंद आहे, मैदानावर जा’ म्हणून गेला, की ती आठ मिनिटे परत मिळत नाहीत. मैदानावर जायला मुले नाखूश नसतात म्हणून त्याची तक्रार कोणी करत नाही, इतकेच.

यावर उपाय जुना आहे. एकाच संगणकावर सगळे नीट बसवायचे, तपासायचे, आणि मग त्याच्या हार्ड डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढून ती बाकीच्यांवर उतरवायची. या नकलेला ‘डिस्क इमेज’ म्हणतात. ज्या शिक्षकांनी परीक्षेच्या आदल्या रात्री सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. स्टेन्सिल एकदा कापायची, आणि प्रती हव्या तेवढ्या काढायच्या. मात्र स्टेन्सिलमध्ये ‘पाच गुण’ऐवजी ‘पंधरा गुण’ झाले, तर ते सगळ्या प्रतींवर पंधराच होणार, ही गोष्टही तिथलीच.

हे तंत्र जगभर पोहोचवले ते ‘घोस्ट’ नावाच्या एका छोट्या प्रणालीने. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मरे हॅझार्ड यांनी ती १९९५ च्या सुमारास तयार केली. १९९८ मध्ये सिमँटेकने ती विकत घेतली. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी ‘घोस्ट काढून ठेवला आहे, घाबरू नका’ हे वाक्य तेव्हापासून आहे. शाळांना परवडेल असे, म्हणजे फुकट आणि खुले साधन मिळाले ते तैवानमधून. तिथल्या राष्ट्रीय संगणन केंद्राने ‘क्लोनझिला’ ही प्रणाली तयार केली. त्याच केंद्रातल्या वर्गात सुमारे साडेपाच जीबीची इमेज एकेचाळीस संगणकांवर एकदम उतरवायला दहाएक मिनिटे लागली, अशी नोंद त्यांनी दिली आहे. ‘फॉग’ नावाची अशीच आणखी एक खुली प्रणाली २००७ पासून आहे. पैसे हा या कामातला अडथळा नाही, एवढे सांगण्यासाठी ही नावे घेतली.

इथे एक प्रश्न मनात येईल. हार्ड डिस्क पाचशे जीबीची, मग नक्कलही पाचशे जीबीची का? नाही. ही साधने डिस्कवरचा भरलेला भागच उचलतात, रिकामी जागा सोडून देतात, आणि उचललेलेही दाबून लहान करतात. शाळेच्या वापराची नेटकी इमेज दहा ते वीस जीबीत बसते.

पण वीस जीबी पंचवीस ठिकाणी पोचवायची कशी? यात दोन पद्धती आहेत आणि दोन्ही वर्गातल्याच आहेत. एक, शिक्षकांनी प्रत्येक मुलाजवळ जाऊन तोच उतारा पुन:पुन्हा सांगायचा. दुसरी, श्रुतलेखन. शिक्षक एकदा बोलतात, सगळा वर्ग लिहून घेतो. संगणकाच्या भाषेत या दुसऱ्या पद्धतीला ‘मल्टिकास्ट’ म्हणतात. जुन्या कक्षांत सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाचा स्विच असतो. त्यातून प्रत्यक्षात सेकंदाला दहाएक एमबी जातात. वीस जीबीला अर्धा तास झाला. पहिल्या पद्धतीने पंचवीस यंत्रांना तेरा-चौदा तास; श्रुतलेखनाने सगळ्यांना मिळून तोच अर्धा तास. स्विच गिगाबिटचा असेल तर जाळ्यावरचा वेळ याच्या दहाव्या हिश्शावर येतो, मग अडथळा उरतो तो जुन्या हार्ड डिस्कच्या लिहिण्याच्या वेगाचा.

श्रुतलेखनाची एक खोड मात्र इथेही आहे. सगळ्यात हळू लिहिणाऱ्या मुलासाठी वर्ग थांबतो. पंचवीसपैकी एका संगणकाची केबल उंदराने कुरतडलेली असली, किंवा तिच्या टोकाची क्लिप सैल असली, की ते एक यंत्र बाकीच्या चोविसांना रखडवते. ‘ही पद्धत आमच्याकडे चालली नाही’ असे सांगणाऱ्या शाळांत मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा बहुतेक वेळा दोष पद्धतीचा नव्हता, एका केबलचा होता. म्हणून आदल्या दिवशी स्विचवरचे दिवे पाहावेत. ज्याचा दिवा वेगळ्या रंगात लागतो किंवा अडखळतो, त्या यंत्राला श्रुतलेखनातून बाहेर काढून नंतर एकटे बसवावे.

आता वेळेचे. परदेशी पुस्तकांत या कामाची वेळ ठरलेली असते, रात्री दोनची. सगळे घरी झोपलेले असताना मुख्य संगणक जाळ्यावरून एक ‘उठा’ असा छोटा संदेश पाठवतो. १०२ बाइटचा हा संदेश असतो आणि त्यात ज्या यंत्राला उठवायचे त्याच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता सोळा वेळा लिहिलेला असतो. संदेश मिळाला की यंत्र आपोआप सुरू होते, इमेज घेते आणि बंद होते. सकाळी मुले येतात तेव्हा त्यांना पत्ताही नसतो. कल्पना छान आहे. मात्र त्या झोपलेल्या यंत्राचे नेटवर्क कार्ड जागे राहायला भिंतीतून थोडी वीज मिळत राहावी लागते. आणि आपल्या शाळांत काय होते? शिपाईमामा जाताना कक्षाचा मुख्य स्विच खाली ओढतात. ते बरोबरच करतात! जुन्या इमारतीत, पावसाळ्यात, रात्रभर वीज चालू ठेवून कोणी शॉर्टसर्किटची जोखीम घ्यावी? तेव्हा रात्री दोनचा बेत आपल्याकडे लागू पडत नाही, आणि तो लागू पडावा म्हणून मुख्य स्विच चालू ठेवायला सांगू नये.

त्याऐवजी आपल्याकडे एक सोय आहे जी त्या पुस्तकांत नाही. शनिवारची सकाळची शाळा. साडेअकराच्या सुमारास मुले घरी जातात आणि दुपार मोकळी मिळते. मी ज्या शाळांत हे काम नीट झालेले पाहिले, त्या बहुतेक ठिकाणी ते शनिवारी दुपारीच झालेले होते. तीन-चार तास पुरतात, काही बिघडले तर रविवार हाताशी असतो. आणि कोणीतरी जागेवर हजर असते, ही यंत्रांना आपोआप उठवण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. दिवाळी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत करू, असे पुष्कळ जण म्हणतात. सुट्टीत कक्षाची किल्ली कोणाकडे असते ते सापडत नाही, हा माझा अनुभव.

शनिवारी दुपारी मुले नसतात, पण कार्यालय चालू असते, हे विसरून चालणार नाही. कक्षाचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे बहुतेक शाळांत एकाच तारेला जोडलेले असते. साधे, स्वस्त स्विच श्रुतलेखनाचा मजकूर फक्त लिहून घेणाऱ्यांना देत नाहीत, तो सगळ्या भोकांतून ओततात. इकडे पंचवीस संगणक आनंदाने इमेज घेत आहेत, आणि तिकडे कार्यालयात यूडायस प्लसची माहिती भरणाऱ्या लिपिकाचे पान गोल गोल फिरत राहिले आहे, असे होते. शालार्थवर पगारबिले भरण्याच्या दिवशी हे केले, तर संपूर्ण शिक्षकवृंद तुमच्यावर का रागावला आहे हे तुम्हाला सोमवारपर्यंत समजणारही नाही.

दुसरी अडचण याहून छुपी आहे. संगणकाने जाळ्यावरून इमेज घ्यायची तर सुरू होताना त्याला आधी स्वत:चा एक पत्ता मिळावा लागतो. हे पत्ते वाटण्याचे काम एरवी ब्रॉडबँडचा राउटर करत असतो. इमेज देणारा मुख्य संगणकही बऱ्याचदा पत्ते वाटू लागतो. एकाच वर्गात दोन गुरुजी उभे राहून मुलांना हजेरी क्रमांक देऊ लागले तर जे होईल, तेच इथे होते. कार्यालयातल्या संगणकाला भलताच पत्ता मिळतो आणि त्याचे इंटरनेट नाहीसे होते. गंमत अशी की ते लगेच जात नाही, कधी कधी सोमवारी जाते, आणि मग शनिवारच्या कामाशी त्याचा संबंध कोणी लावत नाही. उपाय अगदी गावठी आहे. काम सुरू करण्यापूर्वी कक्षातून कार्यालयाकडे जाणारी केबल उपसून ठेवायची, आणि काम संपल्यावर मुख्य संगणकाची पत्तेवाटणी बंद करून मगच ती परत लावायची. यापेक्षा सुबक उपाय आहेत. राउटरला पत्ते वाटू देऊन मुख्य संगणकाने फक्त ‘इमेज इकडे आहे’ एवढेच सांगायचे, अशी सोय करता येते. पण जिथे जाणकार माणूस रोज येत नाही, तिथे केबल उपसणे उत्तम. ती उपसलेली आहे हे डोळ्यांना दिसते.

हे सगळे यंत्रांचे झाले. आता जे सर्वात नाजूक आहे त्याकडे येतो.

इमेज उतरवणे म्हणजे हार्ड डिस्कवर जे होते ते पुसून नवे लिहिणे. त्या ‘जे होते’मध्ये मुलांचे काम असते. एका शाळेत दहावीच्या मुलांनी दोन महिने खपून आपल्या तालुक्यातल्या जुन्या विहिरींची माहिती गोळा केली होती. छायाचित्रे, आजोबांच्या वयाच्या माणसांशी बोलून लिहिलेली पाने, एक नकाशा. सगळे सहाव्या, नवव्या आणि चौदाव्या क्रमांकाच्या यंत्रांच्या डेस्कटॉपवर होते. शाळेने नेमलेला देखभालीचा माणूस बुधवारी आला, त्याने आपले काम नेमके आणि झटपट केले, आणि गेला. संगणक पहिल्यापेक्षा वेगाने चालू लागले होते. मुले गुरुवारी आली. त्यांच्या शिक्षिकेने मला जे सांगितले ते लक्षात राहिले आहे. त्या म्हणाल्या, ‘मुलं रडली नाहीत हो. त्यांना वाटलं, संगणकात असंच होत असतं.’

संगणकात असे होत नसते. शाळेत असे होऊ दिले जाते. त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. डेस्कटॉपवर ‘न्यू फोल्डर दोन’ नावाच्या पेटीत विहिरी आहेत हे त्याला कोण सांगणार होते?

यावर ‘सी ड्राइव्हवर विंडोज, डी ड्राइव्हवर मुलांचे काम, आणि इमेज फक्त सीवर उतरवायची’ हा नेहमीचा उपाय सांगितला जातो. तो अर्धवट उपाय आहे. इमेज एका भागावर उतरवायची की पूर्ण डिस्कवर, हे पडद्यावरच्या एका ओळीच्या निवडीवर ठरते, आणि दुपारी तीन वाजता, बाविसाव्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाचे बोट त्या दुसऱ्या ओळीवर पडू शकते. शिवाय हार्ड डिस्क स्वत:हूनही मरते. तेव्हा मुलांचे काम त्या यंत्रात ठेवूच नये, हा खरा उपाय. कक्षातला एक जुना पण धडका संगणक बाजूला काढा, त्यात दोन हार्ड डिस्क बसवा, एकीची नक्कल दुसरीवर रोज होईल असे करा, आणि जाळ्यावर त्याची एक सामाईक पेटी सगळ्या यंत्रांवर दिसू द्या. इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक असे कप्पे पाडा. मुलांना पहिल्या तासाला हेच शिकवा, की काम कुठे ठेवायचे. हे जमले की वर्गातला कुठलाही संगणक कुठल्याही मुलाचा होतो. ‘माझा नऊ नंबर बिघडला आहे’ म्हणून कोणी हात बांधून बसत नाही. आणि इमेज उतरवणाऱ्यालाही पुसताना भीती राहत नाही.

तरीही पुसण्यापूर्वी एक सूचना लावावी. आठ दिवस आधी, फळ्यावर, मराठीत, मोठ्या अक्षरात. ‘येत्या शनिवारी सर्व संगणक पुसले जाणार आहेत. ज्याचे काही डेस्कटॉपवर असेल त्याने ते पेटीत हलवावे.’ आणि त्यानंतरही शुक्रवारी संध्याकाळी स्वत: प्रत्येक यंत्रावर बसून पाहावे. काही ना काही सापडतेच. बहुतेक वेळा चित्रे असतात, मारुतीची किंवा मोटारींची. तीही हलवावीत.

आता मूळ यंत्राबद्दल, म्हणजे आपल्या स्टेन्सिलबद्दल. ती कापताना घाई करू नये, कारण तिच्यातली प्रत्येक गोष्ट पंचवीस पट होणार असते. विषाणू असेल तर तोही पंचवीस पट. कोणा शिक्षकाने मूळ यंत्रावर आपला ईमेल उघडून ‘पासवर्ड लक्षात ठेव’ला होय म्हटले असेल, तर पंचवीस यंत्रांवर त्यांची पत्रे मुलांना वाचायला खुली. परवान्याचेही तसेच. संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना त्या एका यंत्रापुरता असतो, इमेज करून तो वाटता येत नाही. शाळेने समूह परवाना घ्यावा किंवा खुली प्रणाली वापरावी. मुलांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या इमारतीत चोरीची प्रत असू नये असे मला वाटते, आणि याबाबतीत ‘सगळेच करतात’ हे उत्तर मला पटलेले नाही. विंडोजची इमेज काढण्यापूर्वी ‘सिसप्रेप’ नावाची एक पायरी करावी लागते. तिच्यामुळे यंत्र आपली ओळख विसरते आणि प्रत्येक प्रत नव्या नावाने उभी राहते. ती गाळली तर एकाच नावाचे पंचवीस संगणक जाळ्यावर येतात.

आणि मराठी! या कामात सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट कोणती असेल, तर ती ही. मूळ यंत्र तयार करणारा मराठी टंकलेखन म्हणजे युनिकोड, इनस्क्रिप्ट कळफलक, झाले, असे धरून चालतो. भविष्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण शाळेतल्या पंधरा-वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांचे नमुने, स्नेहसंमेलनाचे अहवाल हे श्री-लिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असतात. तो फाँट नव्या इमेजमध्ये नसेल तर ‘खालीलपैकी कोणतेही तीन प्रश्न सोडवा’ या ओळीच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि टिंबे-चिन्हे यांची खिचडी दिसते. मजकूर गेलेला नसतो, फक्त त्याचे कपडे गेलेले असतात. पण सहामाहीच्या आदल्या दिवशी बाईंना हे समजावून सांगून पाहा. म्हणून मूळ यंत्र तयार झाले की त्याची परीक्षा तंत्रज्ञाने घेऊ नये. मराठीच्या शिक्षिकेला बसवावे, गणिताच्या सरांना बसवावे, लिपिकाला बसवावे, आणि त्यांचे रोजचे एक काम पूर्ण करायला सांगावे. उघडा, लिहा, छापा. छापून हातात कागद येईपर्यंत.

यानंतरही एकदम पंचवीस यंत्रे करू नयेत. एक करावे आणि आठवडाभर वापरात ठेवावे. मग एक ओळ करावी. ओळ चुकली तरी बाकीच्या ओळींवर तास होऊ शकतो. एका यंत्रापुढे तीनऐवजी चार मुले बसतील, पण बसतील. त्या आठवड्यात ज्या तक्रारी येतील त्या मूळ यंत्रावर दुरुस्त करून नवी इमेज काढावी आणि मग उरलेल्यांवर उतरवावी. जुनी इमेज पुसू नये. तिच्या नावात तारीख घालावी. ‘फायनल’, ‘फायनल नवी’, ‘फायनल खरी’ अशी नावे मी पाहिली आहेत, त्यातली खरी कोणती हे ठेवणाऱ्यालाही आठवत नव्हते.

सगळ्या शाळांत यंत्रे एकसारखी नसतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. दहा यंत्रे शासनाच्या योजनेतून, पाच माजी विद्यार्थ्यांनी दिलेली, चार एका बँकेने जुनी झाली म्हणून दिलेली. केंद्र सरकारची शाळांसाठीची संगणक योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षा अभियानात विलीन झाली. त्या काळात आलेली यंत्रे आणि परवा आलेली यंत्रे शेजारी शेजारी बसलेली दिसतात. जुनी बायॉसवर उठतात, नवी यूईएफआयवर, आणि एकाची इमेज दुसऱ्याला मानवत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक गटाची वेगळी इमेज ठेवावी लागते. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे. मूळ इमेज कक्षातल्या सर्वात लहान डिस्कच्या यंत्रावर तयार करावी. मोठ्या डिस्कची इमेज लहानीवर उतरवायला ही साधने सहसा नकार देतात. लहानीची मोठीवर बिनतक्रार उतरते.

विजेचे तर सांगायलाच नको. इमेज अर्धी लिहून झाली आणि वीज गेली, की ते यंत्र ना जुने राहते ना नवे. सुरूच होत नाही. पंचवीसही यंत्रांना यूपीएस असेल असे नाही, पण मुख्य संगणक आणि स्विच यांना तरी असावा. महावितरणच्या दुरुस्तीचा वार कोणता हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. तो टाळावा.

हा विषय आजच का, असे कोणी विचारील. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. म्हणजे संगणक बंद पडले असे नाही, ते चालूच आहेत. पण त्यांच्यातली भगदाडे बुजवणारी मोफत दुरुस्ती येणे थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बरीच नवी प्रोसेसर-पिढी लागते. शाळांतली पुष्कळ यंत्रे त्यात बसत नाहीत. शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव दुरुस्तीची सोय ठेवली आहे. दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी चार. दर फार नाही. पण तीन वर्षांनी प्रश्न तिथेच उभा राहणार. तेव्हा एक तर ही यंत्रे भंगारात जातील, किंवा त्यांच्यावर लिनक्ससारखी खुली प्रणाली बसेल. केरळने हे फार पूर्वी ठरवले. तिथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळांसाठी स्वत:ची लिनक्स प्रणाली तयार केली. तो प्रकल्प २०१७ पासून ‘काइट’ या नावाने सरकारी कंपनी म्हणून चालतो. राज्यभरच्या शाळांत तीच प्रणाली आणि तिचाच अभ्यास. आपल्याकडे प्रत्येक शाळा आपापल्या दुरुस्तीवाल्याच्या भरवशावर आहे. येत्या दोन-तीन वर्षांत आपल्या हजारो संगणक कक्षांत हीच पुसापुशी होणार आहे, आणि ती बुधवारी तास चालू असताना होणार की शनिवारी दुपारी विचारपूर्वक, हे त्या-त्या शाळेतल्या एक-दोन माणसांवर अवलंबून राहील.

त्या माणसांसाठी शेवटची एक गोष्ट सांगतो, ती म्हणजे वही. शंभर पानी साधी वही. इमेज कोणत्या तारखेची, तिच्यात काय काय आहे, मुख्य संगणकाचा पासवर्ड कोणत्या बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, कोणत्या क्रमांकाच्या यंत्राची केबल बदलली, कोणते यंत्र सुरू होताना एफ-१२ दाबावे लागते आणि कोणते एफ-९. पुष्कळ शाळांत कक्ष पाहणारा माणूस कंत्राटावर असतो. कंत्राट संपले की तो जातो आणि त्याच्या डोक्यातली वही त्याच्याबरोबर जाते. ही वही संगणकात ठेवू नका. ज्या दिवशी ती लागेल त्या दिवशी संगणक बंद असेल.

आणि सोमवारी पहिल्या तासाला कक्षात उभे राहा. नववी अ ची मुले आत येतील, आपापल्या जागा पकडतील, पडद्यावरचे चित्र बदलले आहे एवढे एखादा म्हणेल. पहिली दहा मिनिटे काही बोलू नका, नुसते पाहा. कोण हात वर करतो, कोणत्या यंत्रापाशी तीन डोकी गोळा होतात, सामाईक पेटी किती जणांना लगेच सापडते. बाविसाव्या यंत्राचा आवाज येत नसेल. तो वहीत लिहून घ्या.